ठिपके, रेषा आणि पाऊस

यवतमाळचा कापूस बहुतेक पावसाच्या भरवशावर. म्हणून जूनमध्ये सगळ्यांचा प्रश्न एकच: यंदा पाऊस कसा?

या प्रश्नाला आकड्यांनी भिडले गिल्बर्ट वॉकर. १८९९च्या दुष्काळानंतर, १९०४ मध्ये, हे केंब्रिजचे गणिती भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झाले. दूरदूरच्या ठिकाणचा हवेचा दाब आणि आपला पाऊस यांचा सहसंबंध ते तपासत राहिले. त्यातून पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरच्या दाबाचा झोका हाती लागला. आज आपण तो एल निनोशी जोडतो.

आता कागद घ्या. आडव्या अक्षावर एल निनोची तीव्रता, उभ्या अक्षावर देशाचा पाऊस, दर वर्षाचा एक ठिपका. झाला स्कॅटर प्लॉट! ठिपक्यांमधून काढलेली ट्रेंड लाइन खाली उतरते, म्हणजे सहसंबंध ऋण. पण १९९७ बघा: एल निनो प्रचंड, तरी पाऊस सरासरीइतका. २००२ मध्ये एल निनो मध्यम, आणि पाऊस १९ टक्के कमी.

रेषा अनेक वर्षांचं मिळून सांगते. शेतकरी मात्र एकाच ठिपक्यावर पेरणी करतो. म्हणून अंदाज ऐकला की एवढं विचारा: ठिपके रेषेपासून किती लांब पसरलेत?