बी, जमीन आणि हाड

स्तनाचा कर्करोग यकृत, हाडे अशा ठरावीक अवयवांतच जास्त का पसरतो? लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी ७३५ मृत रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि १८८९ साली उत्तर सुचवले: बी चहूकडे जाते, रुजते मात्र मानवणाऱ्या जमिनीतच.

हाडाची जमीन कशी असते? हाड आपल्याला निर्जीव वाटते, पण ते सतत मोडले आणि बांधले जात असते. मोडणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. त्या वरचढ झाल्या की हाडे ठिसूळ होतात, हाच ऑस्टिओपोरोसिस. हाडात शिरलेल्या स्तनाच्या कर्कपेशी याच पेशींना चिथावतात. विरघळत्या हाडातून वाढीला पोषक द्रव्ये सुटतात आणि गाठ आणखी फोफावते.

या जमिनीचा उपयोग करून घेणारे एक औषध आपल्या ठाणे जिल्ह्यातूनच जाते. कल्याण-डोंबिवलीहून येताना ठाण्याला गाडी बदलली की वाशी गाठता येते. तेथील 'ब्रिट' ही अणुऊर्जा विभागाची संस्था ट्रॉम्बेच्या अणुभट्टीतले समेरियम-१५३ ईडीटीएमपी या संयुगाशी जोडून रुग्णालयांना पुरवत आली आहे. हाडाची डागडुजी जोरात चाललेली असते तिथे हे औषध जाऊन बसते आणि त्याच्या किरणांनी वेदना कमी होतात. समेरियम सुमारे ४६ तासांत निम्मे उरते, म्हणून ते साठवता येत नाही. शिवाय वेदना शमली तरी रोग राहतोच.

मग जमीनच बदलता येईल का? १९९३ साली व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत एक चिमुकला आरएनए कसे काम करतो ते उलगडले. लांबी जेमतेम २२ न्यूक्लिओटाइडची. तो स्वतः प्रथिन बनवत नाही. प्रथिन बनवण्याचा निरोप अडवतो. २००० साली असाच एक मायक्रोआरएनए माणसातही सापडला. २०२४ चे नोबेल या दोघांना मिळाले.

२०१४ साली अमेरिकेतील डॅलसच्या संशोधकांनी उंदरांना मायक्रोआरएनए-३४ए दिला. ऑस्टिओक्लास्ट कमी तयार झाले. हाडांची झीज आणि हाडातला कर्करोग, दोन्ही घटले. पण याच रेणूवर आधारलेल्या औषधाची इतर कर्करोगांच्या रुग्णांवरील चाचणी २०१६ साली थांबवावी लागली. रोगप्रतिकार यंत्रणेच्या तीव्र प्रतिक्रियेने काही रुग्ण दगावले होते.

हाडांसाठी असे औषध अजून रुग्णालयात पोहोचलेले नाही. आपल्या विद्यार्थ्यांपैकी कुणाच्या घरी असा रुग्ण असू शकतो. म्हणून हा इतिहास शिकवताना 'उंदरांत' हा शब्द आपण गाळू नये, असे आम्हाला वाटते.