सर्किटाचे हत्यार : मोकळीक आणि सोय



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो संप, बोनस नाहीतर टाळेबंदी यांवर बोलणार, असे श्रोते धरून चालतात. आज आम्ही हत्यारांविषयी बोलणार आहोत. कामगाराची निम्मी अब्रू त्याच्या हत्यारात असते, आणि हत्यार कोणाच्या मालकीचे व कोणाच्या हाताला बसणारे, हा प्रश्न पगाराच्या प्रश्नाहून लहान नाही. हत्यार मात्र नव्या जातीचे आहे. विजेच्या सर्किटाचा आराखडा संगणकावर काढायचा, एकही तार न जोडता तो चालवून पाहायचा आणि मग त्याची पीसीबी बनवायला द्यायची, या कामाच्या मुक्त प्रणालींचा हा इतिहास आहे.

आम्ही त्याकडे वळलो ते एका फजितीमुळे. भाईंदर पूर्वेच्या खारी गावात आम्ही रविवारी संध्याकाळी तरुण कामगारांचा वर्ग घेत असू. कोणी स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यातले, कोणी चार्जर आणि पंख्यांची कार्डे दुरुस्त करणारे. आम्ही स्वतः नववीत शाळा सोडलेली. जे शिकलो ते दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात. एका छोट्या कारखान्यात, त्याचे नाव घेण्याचे कारण नाही, विकतच्या प्रणालीचा परवाना संपला आणि सहा वर्षांचे आराखडे उघडेनासे झाले. ते ज्याने काढले होते तो कारागीर रिकाम्या हाताने घरी बसला. तेव्हा आम्ही ठरवले की पोरांना फुकट आणि मोकळी प्रणाली शिकवायची.

पहिल्याच संध्याकाळी एका पोराने दिवा आणि टायमरचे साधे सर्किट काढले आणि ते चालवायची आज्ञा दिली. उत्तर आले की मॅट्रिक्स सिंग्युलर आहे. तास गेला तरी उलगडा होईना. शेवटी कळले की आराखड्यात ग्राउंडची खूण राहिली होती. व्होल्टेज हा दोन बिंदूंमधला फरक असतो. मोजणी कोठून धरायची तो शून्य बिंदू सांगितल्याशिवाय गणित सुटत नाही. आता अर्थिंग म्हणजे काय हे त्या पोराला आमच्याहून चांगले ठाऊक होते. यंत्राला आपली अडचण त्याच्या भाषेत सांगता आली नाही, एवढेच. पुढच्या रविवारी तिघेच आले.

हे असे का घडते, याचे उत्तर इतिहासात सापडते. १९६९-७० च्या सुमारास अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात रोनाल्ड रोरर यांच्या विद्यार्थ्यांनी सर्किटाचे गणित सोडवणारी 'कॅन्सर' नावाची प्रणाली लिहिली. त्या नावाच्या लांब रूपात 'किरणोत्सर्ग वगळून' असे शब्द होते. कारण तेव्हाच्या अशा पुष्कळ प्रणाली लष्कराच्या पैशावर चालत आणि अणुकिरणांत सर्किट टिकेल काय हे तपासण्यासाठी असत. पुढे डोनाल्ड पेडरसन यांनी आग्रह धरला की ही प्रणाली पुन्हा लिहून सर्व बंधनांतून सोडवावी आणि लोकांच्या स्वाधीन करावी. त्यांचा शिष्य लॉरेन्स नेगल याने हे काम केले आणि १९७३ साली 'स्पाइस' जगापुढे आली. आजची बहुतेक सर्किट-गणिते तिच्याच वंशातली आहेत.

परंतु स्पाइस जन्मली ती छिद्रे पाडलेल्या कार्डांच्या काळात. प्रत्येक रोधाला आणि प्रत्येक ट्रान्झिस्टरला एक कार्ड. भाग कोणता, कोणत्या गाठीपासून कोणत्या गाठीपर्यंत, आणि किंमत किती, हे त्यावर लिहायचे. चित्र नाही, बटन नाही. जाणत्याला त्यात अमर्याद मोकळीक होती, अडाण्याला बंद दार. मग बाजार पुढे आला. १९८४ साली मायक्रोसिम कंपनीने टेबलावरच्या छोट्या संगणकासाठी 'पीस्पाइस' काढली, आणि अशा अनेक प्रणाली निघाल्या. गाभा लोकांचा होता. त्यावर चढवलेली खिडक्यांची आणि चित्रांची सोय तेवढी विकाऊ झाली. विहीर गावाची आणि दोर सावकाराचा, अशातला हा प्रकार झाला.

मुक्त प्रणालीवाल्यांनी हा दोर स्वतः वळायचे मनावर घेतले, पण त्यांच्यात दोन वाटा पडल्या. १९९८ साली एलेश ह्वेज्दा यांनी सुरू केलेल्या 'जीईडीए'त आराखडा काढणारी प्रणाली वेगळी, जोडण्यांची यादी काढणारी वेगळी, पीसीबी आखणारी वेगळी. हत्यारांची पेटीच ती. हवे ते उचला आणि आपल्या पद्धतीने जोडा. मुरलेल्या माणसाला ती फार आवडली. नवख्याला मात्र पेटीतले कोणते हत्यार आधी उचलायचे हेच कळेना. दुसऱ्या टोकाला २००७ साली जर्मनीतील पॉट्सडॅम येथे 'फ्रिट्झिंग' निघाली. तीत पडद्यावर ब्रेडबोर्ड जसाच्या तसा दिसतो आणि तारा हाताने खोचल्यासारख्या खोचता येतात. सोय उत्तम, पण काम मोठे झाले की ती अपुरी पडते.

मधली वाट फ्रान्समधील ग्रेनोबल येथे जाँ-पिएर शारास यांनी १९९२ पासून घडवलेल्या 'कायकॅड'ने काढली. वेगवेगळी कामे एका छपराखाली आली. २०१३ पासून जिनीव्हाच्या 'सर्न' या अणुसंशोधन संस्थेने तिला हातभार लावला, आणि २०१८ च्या पाचव्या आवृत्तीत स्पाइसच्या वंशातली 'एनजीस्पाइस' आराखड्याच्या खिडकीतच येऊन बसली.

आणि आमच्या भाईंदरपासून फार दूर नाही अशा पवईला, आयआयटी मुंबईत, केंद्र सरकारच्या शिक्षणविषयक निधीतून चालणाऱ्या 'फॉसी' प्रकल्पात, प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली हाच प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला गेला. त्यांनी सगळे नव्याने लिहिले नाही. आराखड्याला कायकॅड, गणिताला एनजीस्पाइस, समीकरणांसाठी सायलॅब आणि सांधायला पायथॉन, अशी मोट बांधून 'ऑस्कॅड' केली. तिच्यावरचे पुस्तक २०१३ साली मुंबईत छापले गेले. तिचेच पुढचे रूप 'ई-सिम'. बाजूला बटने मांडलेली; आधी आराखडा, मग एनजीस्पाइससाठी रूपांतर, मग चालवणे. रूपांतराच्या पायरीवर प्रणाली एकेक गोष्ट विचारते : वीज किती, किती वेळ तपासायचे, ट्रान्झिस्टरचे वर्णन कोठले. खाली मात्र तीच साधी, वाचता येणारी मजकुराची फाईल असते. तयारीचा माणूस ती उघडून हाताने बदलू शकतो. त्याच संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने प्रणाल्यांचे सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलून ठेवले आहेत. पडदा इंग्रजी राहिला तरी शिकवणारा आवाज आपला असतो.

येथे आमच्यासारख्या माणसाच्या मनात एक शंका उभी राहते. सोपे यंत्र म्हटले की कामगार दचकतो. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. विणकराने दोनांऐवजी तीन माग सांभाळावेत, या योजनेविरुद्धही तो होता. 'काम सुधारले' हे शब्द आमच्या बापजाद्यांनी पुष्कळदा ऐकले आहेत, आणि त्यापाठोपाठ माणसे कमी झालेलीही पाहिली आहेत. मग सोयीची बाजू आम्ही का घ्यावी?

याचे उत्तर आम्हांला वर्गातच मिळाले. सोय दोन प्रकारची असते. एक सोय कौशल्य कामगाराच्या हातातून काढून यंत्रात बंद करते. झाकण उघडायची त्याला मनाई असते. दुसरी त्याला कौशल्यापर्यंत आणून सोडते आणि झाकण उघडे ठेवते. विकतच्या प्रणालीने त्या कारागिराला सोय दिली, पण त्याचे सहा वर्षांचे काम कुलपात ठेवले. उलट, कार्डांच्या काळातली मोकळीक सर्वांना होती म्हणतात. पण दहा तास उभे राहून आलेल्या पोराला ती काय कामाची? त्याच्याजवळ दिवसातून एकच तास असतो. तो तास खाणारी मोकळीक शेवटी फावला वेळ असलेल्यांचीच मिरास होते.

मुक्त प्रणाली घडवणाऱ्यांत अजूनही अशी मंडळी आहेत की ज्यांना सोय म्हणजे पोरखेळ वाटतो. त्यांना आमचे नम्र सांगणे आहे की लेथवर नव्या पोराला उभे करताना जुना टर्नर चक स्वतः बांधून देतो, पहिला कट स्वतः घेतो, आणि मग हँडल त्याच्या हाती देतो. त्याने लेथची एकही चाल काढून टाकलेली नसते.

आम्ही वर्ग पुन्हा सुरू केला तेव्हा एकच बदल केला. तयार आराखडा दिला, ग्राउंड लावलेला. पोरांनी तो चालवला, आलेख उमटलेला पाहिला. मग ग्राउंड पुसायला सांगितले, आणि तीच मॅट्रिक्सची तक्रार त्यांनी मुद्दाम ओढवून घेतली. त्या दिवशी तिची भीती गेली. एकाने तर ती मराठीत कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवली : "शून्य कोठे आहे ते आधी सांग." प्रणाली घडवणाऱ्यांनी हेच वाक्य पडद्यावर आणले, तर आमचा एक रविवार वाचेल.