‘बाय फ्रायडे’ की ‘अन्टिल फ्रायडे’? दोन्ही ‘शुक्रवारपर्यंत’च, मग फरक काय?

‘यू मस्ट रिप्लाय बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारपर्यंत उत्तर द्या. ‘यू मस्ट स्टे अन्टिल फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारपर्यंत थांबा. मराठीत दोन्हीकडे ‘पर्यंत’च येतं, म्हणून गोंधळ होतो.

‘बाय’ मुदत सांगतं. शुक्रवारी किंवा त्याआधी एकदा काम केलं की झालं. ‘अन्टिल’ कालावधी सांगतं. ती गोष्ट शुक्रवार येईपर्यंत सुरूच राहते.

त्याआधीचं ‘मस्ट’, ‘शुड’ किंवा ‘कॅन’ हे मोडल व्हर्ब सक्ती आहे, सल्ला आहे की मुभा, हे ठरवतं. घरमालकाने ‘यू कॅन स्टे अन्टिल फ्रायडे’ लिहिलं, तर तोवर राहायची मुभा आहे. ‘यू मस्ट लीव्ह बाय फ्रायडे’ लिहिलं, तर शुक्रवार संपायच्या आत घर सोडावंच लागेल. त्यामुळे ईमेल किंवा नोटीस वाचताना दोन्ही शब्द नीट बघा.