एक दशांश पिक्सेलचा हिशेब

दूरचित्रवाणीच्या इतिहासातल्या एका कोपऱ्याकडे आज आपण वळणार आहोत. पडद्यावरचं चित्र किती चांगलं आहे हे यंत्राने मोजायचं कसं, आणि मोजण्याआधी दोन चित्रं एकमेकांवर नेमकी बसवायची कशी? दुसरा प्रश्न किरकोळ वाटतो, पण पहिल्याचं उत्तर बरेचदा त्याच्यावरच अडलेलं होतं.

अॅनालॉगच्या काळात काम तसं सोपं होतं. रंगपट्ट्यांसारखा ठरलेला सिग्नल एका टोकाने पाठवायचा, दुसऱ्या टोकाला तो किती बिघडला ते बघायचं. तो नीट आला की बातम्या काय, क्रिकेट काय, सगळं नीट येणार. १९९०च्या दशकाच्या मध्यात एमपीईजी-२ आलं आणि हा आधारच गेला. कॉम्प्रेशनमध्ये नुकसान किती होणार, हे चित्रात काय आहे यावर ठरतं. स्थिर रंगपट्ट्या सुरेख येतात आणि मैदानावरच्या गवताचे मात्र चौकोनी ठोकळे होतात. मग मूळ चित्र आणि पोचलेलं चित्र घेऊन पिक्सेलगणिक वजाबाकी करायची, हा मार्ग उरला. त्यातून निघणारा पीएसएनआर हा आकडा डेसिबलमध्ये सांगतात; जितका जास्त तितकं बरं.

पण वजाबाकी करताना कुठला पिक्सेल कुठल्या पिक्सेलमधून? स्टुडिओच्या ६०१ मानकात उजेडाचे सेकंदाला १ कोटी ३५ लाख नमुने घेतात. म्हणजे एक नमुना साधारण ७४ नॅनोसेकंदांचा. वाटेत एखादा अॅनालॉग टप्पा असला आणि पुढच्या यंत्राने ओळीची सुरुवात ओळखताना तेवढी चूक केली, की अख्खं चित्र एक पिक्सेल बाजूला. आणि चूक काही पूर्ण पिक्सेलच्या मापात होत नाही.

एक छोटा हिशेब करून बघू. दहा-दहा पिक्सेल रुंदीचे उभे पट्टे घ्या, एक ५० उजेडाचा, पुढचा २००चा. चित्र एक पिक्सेल सरकवलं, तर दर दहातला एक पिक्सेल १५०ने चुकतो. पीएसएनआर येतो साधारण १४.६ डेसिबल, म्हणजे चित्राचा पार चुथडा झाला असावा असा आकडा! बघणाऱ्याला मात्र काहीही फरक दिसत नाही. अर्धा पिक्सेल सरकवलं, तर कडेवरचा पिक्सेल ७५ने चुकतो आणि आकडा २०.६ होतो. एक दशांश पिक्सेल सरकवलं तरी ३४.६च. आता, बऱ्यापैकी कॉम्प्रेस केलेल्या चित्राचे आकडेही या तिशीच्या घरातच असतात. म्हणजे कॉम्प्रेशनचा दोष कुठला आणि सरकण्याचा कुठला, हे सांगताच येणार नाही. एखाद्या चांगल्या एन्कोडरला तारेतल्या चुकीची शिक्षा व्हायची.

जुन्या रंगीत पुरवण्यांमध्ये छपाईचे रंग सरकून नटीच्या ओठांचा लाल गालावर यायचा, आठवतंय? तिथे निदान डोळ्याला कळायचं. इथे डोळ्याला कळत नाही, फक्त यंत्राला कळतं.

यावरचं एक हत्यार आधीच तयार होतं. १९७५ मध्ये कुग्लिन आणि हाइन्स यांनी फेज कोरिलेशनची पद्धत मांडली. चित्राचं फूरिए रूपांतर केलं की सरकणं हे फक्त फेजमध्ये, म्हणजे लहरींच्या मागेपुढे होण्यात उतरतं. दोन चित्रांच्या फेजमधला फरक घेऊन उलट रूपांतर करायचं, की सरकलेल्या जागी एक टोकदार सुळका उभा राहतो. सुळक्याच्या आजूबाजूचा उतार बघून पिक्सेलच्या अंशापर्यंत जाता येतं.

अमेरिकेत बोल्डर इथल्या एनटीआयएच्या प्रयोगशाळेत स्टीफन वुल्फ आणि मार्गारेट पिन्सन यांनी मोजणीच्या आधीची ही सगळी तयारीच पद्धतशीर बांधली. जागेची जुळणी, वेळेची जुळणी, उजेडातला फरक, चित्राचा वापरण्याजोगा भाग. २००२च्या त्यांच्या अहवालात हे सगळं सविस्तर आहे. इंटरलेस्ड चित्रात फील्ड उलटसुलट झाली तर काय, हासुद्धा त्यातलाच घोळ.

दरम्यान १९९७ मध्ये इटलीत तुरिनला व्हीक्यूईजी हा तज्ज्ञांचा गट स्थापन झाला. २०००च्या त्यांच्या पहिल्या अहवालात पीएसएनआर धरून दहा मॉडेल्स होती, आणि एकही मॉडेल सगळ्या परिस्थितींत पीएसएनआरला निर्विवाद मागे टाकू शकलं नाही. मोठा धक्का होता तो. पण एक गोष्ट लक्षात घ्या: त्या चाचणीत चित्रं आधीच जुळवून सगळ्यांना दिली होती. पीएसएनआरची अब्रू राहिली त्यात या जुळणीचाही वाटा होता, असं आम्हाला वाटतं.

मात्र जुळणी करताना माफ काय करायचं, हेही ठरवावं लागतं. अख्खा कार्यक्रम अर्धा पिक्सेल डावीकडे सरकलेला असेल, तर प्रेक्षकाचं काही बिघडत नाही, माफ. पण चित्र थरथरत असेल आणि आपण प्रत्येक फ्रेम वेगळी जुळवत बसलो, तर थरथर हिशेबातून गायबच होईल. तीच गत अडकून पडणाऱ्या फ्रेमची. आयटीयूची २००८ची जे.२४४ ही शिफारस म्हणूनच स्वतःपुरती कुंपण घालून घेते: जागेतलं आणि वेळेतलं जे सरकणं कायम एकसारखं आहे, तेवढ्याचीच दुरुस्ती ती सांगते.