वालधुनीचें पात्र आणि राज्यसत्तेचें दायित्व

अंबरनाथ येथील शके ९८२ (इ. स. १०६०) मधील शिवालयाजवळून वाहणारी वालधुनी उल्हासनगरांतून कल्याणास येऊन उल्हास नदीस मिळते. अशा नद्यांच्या रक्षणाचा अधिकार राज्यानें दोन हातीं सोंपविला. जलशुद्धीसाठीं १९६९ सालीं कायदा करून १९७० सालीं प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापिलें. पुरासाठीं पाटबंधारे खात्यानें १९८९ सालीं दोन रेषा ठरविल्या: सरासरीनें पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची तांबडी. निळ्या रेषेच्या आंत उद्यानें, क्रीडांगणें अशीं मोकळीं स्थळेंच असावीं, हा त्यांतील हेतु.

तथापि २६ जुलै २००५ रोजीं पूर कल्याणच्या वस्तींत शिरला, तेव्हां सांडपाणी व पूरजल हा भेद उरला नाहीं. पुढें २०१५ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणास या दोन्ही नद्यांच्या प्रदूषणासंबंधीं निर्णय द्यावा लागला. कांठीं भराव पडला कीं पात्र आकसतें, आणि त्या पात्रांतील मळच पुराबरोबर घरांत येतो. यास्तव आमच्या मतें उणीव नियमांची नसून त्यांच्या संयोगाची होय. पूररेषा व सांडपाण्याचीं मुखें एकाच नकाशावर दाखवून दोन्ही खात्यांनीं त्याचें उत्तरदायित्व एकत्र घ्यावें, असें आम्ही सुचवितों.