काळ नदीतला ळ

मंडळी, परवा पोलादपूरच्या एका मित्राचा अर्ज खिडकीवरून परत आला. सातबाऱ्यावर गाव केवनाळे, दाखल्यावर केवनाले. दोन्ही एकच गाव असल्याचं आणा म्हणे लिहून! चूक दाखला टाइप करणाऱ्याची, हेलपाटा मात्र मित्राला.

२२ जुलै २०२१च्या पावसात दरड कोसळली ती याच केवनाळ्यात, साखर सुतारवाडीत आणि महाडच्या तळियेत. एकट्या तळियेत ८०हून अधिक माणसं गेली. पुढचे काही दिवस देशभर बातम्या चालल्या, हिंदीत कुठे 'तलिये', कुठे 'तलई'. इंग्रजीत तर ळ लिहायची सोयच नाही. गाव गाडलं गेलं आणि वर नावही धड उरलं नाही, असं तेव्हा वाटलं होतं.

बरं, ळ हे काही आपण हौसेनं जोडलेलं अक्षर नाही. ऋग्वेदात ळ आहे. नंतरच्या संस्कृतातून तो गेला, पण बोलीत टिकला. संस्कृतातला दोन स्वरांमधला एकटा ल मराठीत ळ झाला : फल-फळ, कमल-कमळ, काल-काळ. जिथे प्राकृतात जोडाक्षर ल्ल होतं तिथे मात्र ल राहिला. 'कल्य'चं प्राकृतात 'कल्ल' झालं आणि त्यातून आपला 'काल' आला, 'गल्ल'वरून 'गाल'. म्हणजे काल आणि काळ यांच्यात दीड-दोन हजार वर्षांचा हिशेब आहे. सावित्रीला मिळणारी आपली काळ नदी 'काल नदी' लिहिली की तो हिशेब बुडाला. आणि सावित्रीतला गाळ काढा ही आपली मागणी 'गाल काढा' अशी वर गेली तर काय होईल, ते तुम्हीच बघा!

सगळीकडे असं सोडून देत नाहीत. सोव्हिएत काळात, १९४०मध्ये कझाक भाषेवर रशियन लिपी आली. रशियनची ३३ अक्षरं त्यांना पुरेनात, म्हणून आणखी ९ घेतली. त्यांच्याकडे 'ङ'चा उच्चार आहे, रशियनमध्ये नाही. मग रशियन 'न'च्या अक्षराला खाली छोटी शेपटी लावली आणि ङ लिहायची सोय केली. किरगिझ, तातार यांच्या लिखाणातही ते शेपटीवालं अक्षर आहे. लिपी वरून लादलेली, पण त्यातही आपला आवाज बसवून घेतला.

आपल्याला तर नवीन काही घडवायचंच नाही. चवदार तळ्याचा हिंदीत 'तालाब' होतो, ते भाषांतर आहे, त्याची तक्रार नाही. पण गावाच्या नावाचं भाषांतर नसतं. मराठीच्या इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर ल आणि ळ एकाच बटणावर आहेत, ळ साठी फक्त शिफ्ट दाबायची.

मित्राचा अर्ज अजून तिथेच आहे. तुमच्या दाखल्यांवर, आधारवर गावाचं नाव कसं छापलंय ते जरा काढून बघा आणि खाली लिहा.