मंच कोणाचा?

स्वातंत्र्योत्तर मराठी नाटकाने क्रांतीची चर्चा केली. पण ती कोठे उभी राहून केली, हा प्रश्न प्रस्थापित समीक्षेने क्वचितच विचारला. गो. पु. देशपांडे यांचे 'उद्ध्वस्त धर्मशाळा' 1974 चे. डाव्या विचारांच्या प्राध्यापकाची विद्यापीठात होणारी चौकशी हा त्याचा गाभा. राजकीय विचाराला या नाटकाने मंचावर मानाचे स्थान दिले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तेथे क्रांती चौकशीच्या खोलीत आठवली जाते. त्याच सुमारास तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहाद्यात भिल्ल शेतमजूर जमीन आणि मजुरीसाठी उभे होते. अंबरसिंग सुरतवंतींनी माणसे जागी केली होती. 1972 साली श्रमिक संघटना स्थापन झाली. बायकांनी दारूच्या गुत्त्यांवर चाल केली. हे नाट्य नाट्यगृहात आले नाही.

दलित रंगभूमीने ही कोंडी आपल्यापुरती फोडली. प्रेमानंद गज्वींच्या 'घोटभर पाणी'ला (1977) दोनच पात्रे पुरली. दत्ता भगतांच्या 'वाटा पळवाटा'मध्ये (1987) काका, सतीश आणि अर्जुन चळवळीच्या वाटेवरून आपसांत झगडतात. शोषित येथे दयेचा विषय नाही. वादी तोच आणि प्रतिवादीही तोच.

मग आदिवासींचे काय? अक्कलकुवा तालुक्यातील काठी हे एकेकाळचे मेवासी संस्थान. संस्थान गेले, 'राजवाडी होळी' राहिली. नवस केलेले नाचे व्रत पाळतात, अंगावर ठिपके रंगवतात, मोरपिसांचे टोप चढवतात, कमरेला घुंगरू बांधून रात्रभर नाचतात. पहाटे होळी पेटते. पडदा नाही, तिकीट नाही. हे बंड नव्हे. नावातच राजवाडा आहे. तरीही ज्यांना कलाहीन समजले गेले, त्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या स्वतःचा प्रयोग होता, एवढे त्यातून सिद्ध होते. आज तेथे कॅमेरे पोहोचतात. नाच टिपला जातो. नाचणाऱ्याचे वनजमिनीचे म्हणणे टिपले जात नाही.

श्रमिक संघटनेच्या लढ्यातून आलेल्या वाहरू सोनवणे यांनी 'स्टेज' या कवितेत नेमके येथेच बोट ठेवले. आदिवासींचे दुःख आदिवासींनाच ऐकवणाऱ्या मंचाला त्यांनी हटकले. तो सवाल पांढरपेशा नाटककारांइतकाच आपल्या परिवर्तनवादी संमेलनांनाही लागू आहे. क्रांतीचे नाटक लिहिणे पुरेसे नाही. मंचावरची जागा कोणाला मिळते, हेही राजकारणच आहे.